तंगुसावर तारीख हवी, आणि दुकानात सावली हवी

१ ऑगस्ट तोंडावर आलाय. दोन महिन्यांची बंदी संपतेय. मालवण, देवगड, वेंगुर्ला, सगळीकडे होड्यांना रंग लावून झाला, इंजिनं उघडून परत बसवली, जाळी मांगरातून बाहेर निघाली. आणि बाजारात तंगूस घ्यायला गर्दी सुरू झालीय. म्हणूनच आज हा विषय मांडतोय. हा विषय कुठल्या मोर्चात येत नाही, कुठल्या निवेदनातही येत नाही.

मागणी सरळ आहे. तंगूस विकताना तो कधी तयार झाला ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. आणि विकेपर्यंत तो उन्हात टांगलेला नसावा. बस्स.

"पर्ससीन आणि एलईडीवर बोलायचं सोडून हा दोऱ्यावर काय बोलतोय," असं काही जण म्हणतील. त्यावर बोलायलाच हवं, बोलतोच आहोत. पण ती लढाई कोर्टात, मंत्रालयात आणि समुद्रात चाललीय. ही गोष्ट आपल्या बाजारपेठेत, आपल्या सोसायटीत, आपल्या मांगरात सुटू शकते. आणि तिचा फटका सगळ्यात आधी कुणाला बसतो? छोट्या होडीवाल्याला, गरी टाकून पोट भरणाऱ्याला, चार कांडाळी घेऊन जाणाऱ्याला. ट्रॉलरवाल्याला एखादं रीळ गेलं तर काही वाटत नाही.

आधी ज्यांचा मासेमारीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी, अखंड, काचेसारखा दिसणारा दोरा. इंग्रजीत त्यालाच मोनोफिलामेंट म्हणतात. गरीला तो लागतो, बारीक आसाच्या कांडाळी जाळ्यांना तो लागतो. पाण्यात तो माशाला सहज दिसत नाही, ताणला तर थोडा लांबतो, झटका सोसतो. नायलॉनचे दाणे वितळवून बारीक भोकातून तो ओढून काढतात आणि मग पुन्हा पुन्हा ताणतात. त्या ताणण्यामुळे आतल्या लांबच लांब साखळ्या एका दिशेला रांगेत बसतात. तंगुसाची सगळी ताकद त्या रांगेत असते.

आता हा तंगूस मरतो कसा? आपल्याकडे समज असा की तो "जुना झाला की जातो". तसं नाही. नायलॉनला दुधासारखी मुदत नसते. बंद पाकिटात, अंधारात, थंड जागी ठेवलेलं रीळ कित्येक वर्षांनीही कामाला येतं. त्याला मारतं ते ऊन. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्याला हातभार लावतो. सुरुवात वरच्या कातडीपासून होते. आधी चमक जाते, मग हात लावला की खरखर लागते, मग पांढुरकी झाक येते, मग दोरा ताणायच्या ऐवजी काडीसारखा तुटतो. बारीक तंगूस लवकर जातो, जाड थोडा टिकतो, कारण बारकाला कातडी जास्त आणि गाभा कमी.

उन्हाच्या जोडीला उष्णता असते. पत्र्याखालच्या भट्टीत पडलेला तंगूस आतली ओल गमावतो आणि कडक होतो. वर रिळाचा आकार त्याच्या अंगात भिनतो. मग पाण्यात सोडला तरी स्प्रिंगसारखी वेटोळी घेतो, गुंता होतो, आणि गुंता सोडवताना जिथे कडक वळण पडतं तिथेच पुढे तुटतो.

तिसरा शत्रू बऱ्याच जणांना माहीत नाही. तो म्हणजे ॲसिड. नायलॉन तेलाला, डिझेलला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ॲसिडपुढे टिकत नाही. होडीतली बॅटरी आणि तंगुसाची रिळं एकाच फळीखाली ठेवलेली किती ठिकाणी दिसतात! बॅटरीचे दोन थेंब सांडले तर वरून काही कळत नाही, दोरा मात्र तिथे अर्धा झालेला असतो. संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीचं आणि कपड्यांच्या ब्लीचचंही तेच.

आणि पावसाची ओल? ती नायलॉनला कुजवत नाही. इथेच आपली सगळी गडबड आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी जाळी सुताची आणि तागाची असायची. ती ओली राहिली की कुजायची. म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात ती बुडवायची, आणि समुद्रातून आली की पुळणीवर पसरून कडकडीत उन्हात वाळवायची. जाळं उन्हाला घालणं हा संस्कार होता, आणि तो बरोबरच होता. जो उन्हाला घालत नसे त्याचं जाळं वर्षभरात हातात येत असे. मग गेल्या शतकाच्या मध्यानंतर नायलॉन आलं. आपण धागा बदलला, सवय तीच ठेवली. सुताचा शत्रू ओल, मित्र ऊन. नायलॉनचं नेमकं उलटं. आजही पाऊस थांबला की आपण पहिलं काम काय करतो? जाळी आणि रिळं "जरा ऊन दाखवायला" बाहेर काढतो. सुताचं औषध आपण नायलॉनला पाजतोय.

दुसरा बदल मांगराचा. जुना मांगर झावळ्यांनी शाकारलेला, आत काळोख, वारा खेळता, दुपारीही गारवा. नायलॉन ठेवायला याहून चांगली जागा कुठल्या तज्ज्ञानेही सांगितली नसती. पण ज्या काळात नायलॉन आलं त्याच काळात झावळ्या जाऊन पत्रे आले. कुणाचा दोष नाही, दरवर्षी शाकारायला माणूस कुठून आणायचा? पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या मांगरात दोन मिनिटं उभं राहून बघा. मालवण सोळा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावरून जातो. नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या हंगामाचा माल दुकानात आणि गोदामात येऊन पडायला लागलेला असतो.

आता दुकानात जाऊ. कुठल्याही बंदराजवळच्या दुकानात जा. दाराच्या वरच्या दांडीला रंगीबेरंगी रिळं माळेसारखी लटकवलेली. गिऱ्हाइकाला लांबून दिसावीत म्हणून. पश्चिमेचं ऊन तीन वाजल्यापासून मावळेपर्यंत थेट अंगावर. त्या माळेतलं एक रीळ मागा आणि विचारा.

"काका, ह्या रिळार तारीख खंय आसा?"

"तंगुसाक कसली तारीख? तो काय दूध आसा नासूक?"

दुकानदार फसवत नसतो. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. पण त्या माळेतलं रीळ मागच्या आठवड्यात टांगलंय की तीन उन्हाळे तिथेच आहे, हे ना त्याला ठाऊक, ना तुम्हाला. दोन्हीची किंमत एकच.

कायदा काय म्हणतो तेही बघा. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटावर काही गोष्टी छापाव्याच लागतात. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, किती माल आहे ते, निर्मितीचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रार कुठे करायची त्याचा संपर्क. बाहेरून आलेला माल असेल तर कुठल्या देशातला तेही. साबणाच्या वडीवर हे असतं, प्लास्टिकच्या बादलीवर असतं. बंद पाकिटातल्या तंगुसाच्या रिळावरही असायला हवं. पण प्रत्यक्षात पाकिटावर जाडी, किलोची ताकद आणि उडी मारणाऱ्या माशाचं चित्र मोठ्ठं, आणि तारखेच्या जागी एकतर काहीच नाही किंवा पुसट शिक्का. शिवाय मोठ्या रिळावरून काढून वजनावर विकला जाणारा सुटा माल. त्यावर नाव नाही, गाव नाही, काहीच नाही.

आता तुलना करा. शेतकरी बियाण्याची पिशवी घेतो, त्यावर चाचणीची तारीख असते, कुठवर वैध तेही असतं. कीटकनाशकाच्या बाटलीवर अंतिम तारीख असते. जुनं बियाणं विकलं तर कृषी अधिकारी दुकानावर येतो, निदान यायला हवा असं सगळ्यांना वाटतं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. चांगलंच झालं. पण दर्जा म्हणजे नुसती विजेच्या दराची आणि कर्जाची सवलत नव्हे. शेतकऱ्याच्या बियाण्याला जी नजर लागते ती मच्छीमाराच्या दोऱ्यालाही लागली पाहिजे. आपलं बियाणं तेच आहे.

यात सरकारचा स्वतःचा पैसाही आहे. जाळी आणि सूत घ्यायला मच्छीमारांना अनुदान देण्याची योजना वर्षानुवर्षं चालू आहे. अनुदान देताना बिल बघतात, सभासदत्व बघतात, होडीचे कागद बघतात. माल किती जुना, कुठे साठवलेला, हे कुठल्या रकान्यात विचारतात? जनतेच्या पैशातून गोदामात भाजून निघालेलं जाळं घेतलं जात नाही ना, हे बघायची एक ओळ त्या अर्जात घालायला काय हरकत आहे?

आता विरोधातले मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा: "तारीख छापून काय होणार? ऊन तारखेत दिसत नाही. काल बनलेलं रीळ आज उन्हात टाकलं तर तेही बाद होणारच." अगदी बरोबर. म्हणूनच मागण्या दोन आहेत, एक नाही. तारखेने एवढं कळतं की हा माल किती उन्हाळे काढून आलाय. सावलीमुळे ते उन्हाळे त्याला लागत नाहीत. एक नसेल तर दुसरी अर्धवट.

दुसरा मुद्दा दुकानदारांचा: "माल लपवून ठेवला तर विकणार कसा? दोन रुपये सुटतात त्यात कपाटं कुठून करू?" कपाट नकोच. दाराला रिकामी रिळं टांगा. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, नुसती रिकामी. किंवा प्रत्येक जाडीचा एक नमुना टांगा आणि तो विकू नका. खरा माल आत, ज्या खोक्यातून आला त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात, पत्र्यापासून खाली. नवा माल मागे, जुना पुढे. एवढंच. यात खर्च शून्य. उलट "आमच्याकडे माल सावलीत ठेवतो" अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक वाढेल. मी स्वतः अशा दुकानातून चार पैसे जास्त देऊन घेईन.

तिसरा मुद्दा आपल्याच माणसांचा: "दरवर्षी नवीन घेतोच की. एक तुटलं तर दुसरं." जो घेऊ शकतो त्याने जरूर घ्यावं. पण हिशोब रिळाचा नसतो. रीळ शे-दोनशेचं. त्याच्या टोकाला सुरमई किंवा तांबोशी लागली आणि वर येता येता तंगूस तुटला, तर गेलं काय ते मोजा. मासा गेला, गरी गेली, वजन गेलं, त्या फेरीचं डिझेल गेलं, पहाटे तीनला उठलेल्या माणसाचा दिवस गेला. मोठा मासा रोज लागत नाही. आठवड्यातून एकदा लागणारा गोब्रा अख्ख्या आठवड्याचा खर्च भरून काढतो. तो ज्या दोऱ्यावर अवलंबून आहे तो दोरा आतून मेलेला असेल तर त्या माणसाची अक्कल, अनुभव, जागेची माहिती सगळं फुकट. आणि वर आपण म्हणतो, "नशीब नव्हतं." अशा वेळी नशिबाला कशाला बोल लावायचा? दारावरची माळ बघा.

आता जे आपल्या हातात आहे ते. कायदा-बियदा होईल तेव्हा होईल, या हंगामासाठी हे करून बघा.

घेताना पाकीट उन्हाकडच्या बाजूने फिरवून बघा. लेबलचा रंग एका बाजूने उडालेला असेल तर त्या बाजूने दोराही भाजलाय हे समजा. टोक बाहेर काढू दिलं तर हातभर ओढा, नखाच्या चिमटीतून सरकवा. गुळगुळीत सरकला पाहिजे. खरखर, पांढुरके डाग, पावडरीसारखं काही बोटाला लागलं तर परत द्या. दोन्ही हातांनी ताणा. चांगला तंगूस जरा लांबतो आणि परत येतो. मेलेला लांबतच नाही, टक्कन तुटतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा. तंगूस नेहमी ओला करून तपासा. नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. भिजलेल्या तंगुसाची ताकद कोरड्यापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के कमी भरते, आणि समुद्रात तो भिजलेलाच असतो. शिवाय गाठ. वाईट मारलेली गाठ निम्मी ताकद खाते. म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर होडी सोडू नका. दोनेक मीटर तुकडा दोन तास पाण्यात ठेवा. तुम्ही गरीला मारता तीच गाठ बादलीच्या कडीला मारा, गाठ आवळताना ती ओली असू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशोब सोपा आहे. पाकिटावर दहा किलो लिहिलं असेल तर सहा लिटर पाणी घाला आणि बादली जमिनीपासून वीतभरच उचला. बादलीचं स्वतःचं वजन धरून सात किलोच्या आसपास जातं. हळूहळू उचला, झटका देऊ नका. एवढं तोललं तर माल ठीक. निम्म्यातच तुटला तर दोनदा अजून करून बघा, आणि तिन्ही वेळा तुटला तर ते रीळ गरीला लावू नका.

जुन्या रिळाच्या बाबतीत एक लक्षात घ्या. ऊन वरच्या वेढ्यांना जास्त लागतं, आतले वेढे बऱ्याचदा चांगले असतात. त्यामुळे सगळंच फेकायची गरज नाही. वरचे काही वेढे काढून टाका, मग पुन्हा बादलीची परीक्षा घ्या. चाकाला गुंडाळलेला तंगूस असेल तर हंगामाच्या मध्यावर उलटा करून गुंडाळा, न वापरलेलं टोक पुढे येतं. वेटोळी घेत असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून दोन माडांच्या मध्ये हलका ताणून ठेवा. कोमट म्हटलंय, उकळतं नाही. आणि माडांच्या सावलीत.

ठेवताना: समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यातून काढा. मीठ नायलॉनला खात नाही, पण मिठाचे आणि वाळूचे कण वेढ्यांमध्ये घासतात. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात नको, कितीही घाई असली तरी नको. रिळं काळ्या किंवा जाड कापडी पिशवीत, झाकणाच्या डब्यात, जमिनीलगत ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको. बॅटरी, ॲसिड, ब्लीच दुसऱ्या कोपऱ्यात. जाळं पुळणीवर ठेवावंच लागलं तर वर झावळ्या टाका किंवा ताडपत्री. उंदरांचंही बघा, माशाचा वास असलेलं जाळं ते कुरतडतात. आणि मार्करने रिळावर घेतल्याचा महिना-वर्ष लिहा. कंपनीने तारीख नाही छापली तर तुम्ही लिहा. पुढच्या वर्षी त्या आकड्याची किंमत कळेल.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने मोठा मुद्दा. तुटलेला तंगूस जातो कुठे?

उन्हात दोन-चार हंगामांत मरणारा हाच तंगूस समुद्राच्या तळाशी पडला की किती टिकतो? अमेरिकेतल्या सागरी संस्थांच्या माहितीपत्रकांत सहाशे वर्षांचा आकडा दिलेला असतो. तो अर्थातच अंदाज आहे, कारण नायलॉनचा शोध १९३५ सालचा, त्याला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत. पण दिशा बरोबर आहे, आणि कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. तळाशी ऊन पोचत नाही. तिथे काळोख आहे, गारवा आहे. म्हणजे तंगूस साठवायचं जगातलं उत्तम गोदाम आपण समुद्राच्या तळाशी केलंय. दुकानात जो नीट जपायचा तो उन्हात मारतो, आणि जो संपायला हवा तो तळाशी जपून ठेवतो.

तो तिथे गप्प पडून राहत नाही. खडकात अडकलेला तुटका तंगूस आणि जाळ्याचे तुकडे मासे, खेकडे, कासवं धरत राहतात. धरलेला मासा मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. हे मासे कुणाच्याच टोपलीत येत नाहीत. आपल्याच उद्याच्या माशाला आपलाच कालचा दोरा मारतोय. किनाऱ्यावरचा तंगूस बगळ्यांच्या आणि घारींच्या पायांना अडकतो. पतंगाच्या नायलॉन मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, कारण तो पक्ष्यांना आणि माणसांना कापतो आणि नष्ट होत नाही. जेट्टीवरचा तंगूस वेगळ्या मातीचा नाही. फरक इतकाच की तो आपल्या पोटासाठी लागतो, म्हणून बंदी हे उत्तर नाही. गोळा करणं हे उत्तर आहे.

आपल्या राज्याने एक चांगलं पाऊल उचललेलं आहे. कासव, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेकांनी ती घेतलीय. म्हणजे अडकलेला जीव सोडवायला सरकार पैसे देतं. मग अडकवणारा दोरा समुद्रात जाऊच नये यासाठी चार नळ्या बसवायला किती लागतील?

नळ्या म्हणतोय ते अक्षरशः. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जेट्टींवर पीव्हीसी पाइपच्या, तोंड वळवलेल्या नळ्या खांबांना बांधलेल्या असतात. त्यावर "फक्त जुना तंगूस" अशा अर्थाची पाटी. येणारा-जाणारा तुटका दोरा त्यात टाकतो, स्वयंसेवक नळी रिकामी करतात आणि तो पुन्हा वितळवायला जातो. तंत्रज्ञान म्हणाल तर प्लंबरचं. आपल्याकडे जवळचं उदाहरण केरळचं. २०१७ पासून कोल्लमजवळच्या बंदरात मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक पिशवीत भरून परत आणतात, ते बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं. केरळला जमलं ते मालवणच्या जेट्टीवर का जमू नये?

एक सूचना मात्र हात जोडून. जुना तंगूस जाळू नका. नायलॉनच्या धुरात विषारी वायू असतात, आणि आपण तो पोरांच्या समोर, घराच्या मागे जाळतो. टाकायचाच असेल तर वीतभर तुकडे करून बंद पिशवीत टाका, म्हणजे निदान त्यात कुणाचा पाय अडकणार नाही.

तर मागण्या अशा:

१. दुकानदारांनी या हंगामापासून माल दारावर उन्हात टांगायचा नाही. नमुना टांगा, माल आत ठेवा. सुटा माल विकताना बिलावर तो कधीचा ते लिहा.

२. मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी गोदामात मालाच्या खोक्यावर आल्याची तारीख टाकावी, आधी आलेला आधी द्यावा, पत्र्याखाली छत किंवा झावळ्यांचा थर घालावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. मंजूर व्हायला पाच मिनिटं लागतात.

३. मत्स्यव्यवसाय खात्याने अनुदानाच्या खरेदीत निर्मितीचा महिना-वर्ष बिलावर असण्याची अट घालावी.

४. वैध मापन खात्याने बंदरांजवळच्या दुकानांत एकदा फेरी मारावी. दंडासाठी नको, पहिल्यांदा समज द्यायला. गिऱ्हाइकांनीही तारीख नसलेल्या बंद पाकिटाचा फोटो काढून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, फोन फुकट लागतो.

५. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी प्रत्येक जेट्टीवर जुन्या तंगुसासाठी एक नळी बसवावी, आणि ती रिकामी कोण करणार ते आधी ठरवून मगच बसवावी. नाहीतर महिन्याभरात त्यात गुटख्याच्या पुड्या दिसतील.

यातली एकही मागणी कोटींची नाही. एकीलाही केंद्राची परवानगी लागत नाही. म्हणूनच तर ती मागे राहते. मोठ्या प्रश्नाला नेते मिळतात, छोट्या प्रश्नाला वाली नसतो.

या आठवड्यात तुम्ही तंगूस घ्यायला जाल तेव्हा एवढंच विचारा: "काका, हो कधीचो?" भांडू नका, नुसतं विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला दुकानदार स्वतःहून सांगायला लागेल. आणि बादलीची परीक्षा करून बघितलीत तर कितीचा तंगूस, किती लिटरला तुटला, घेतलेला कधीचा, ते खाली कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव नको, कुणाला बदनाम करायचं नाहीये. आकडे जमले की तेच घेऊन आपण मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊ.

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर का नाही तेही लिहा.